फेरतोल

बाबा हिंगणघाटच्या बाजार समितीत मापारी आहेत.
मे महिन्यात त्यांच्या काट्यावर
दिवाळीपासून घरात कोंडलेला कापूस येतो,
भाव चढेल म्हणून थांबवलेला.
घरी भरला तेव्हा बारा क्विंटल,
इथे अकरा चाळीस.
माणूस काट्याकडे बघतो, मग बाबांकडे,
मग पुन्हा काट्याकडे.
बाबा म्हणतात, पाय ना भाऊ,
मी हातबी नाही लावला.

मलाही थांबवलंय.
बारावीनंतर एक वर्ष, मधल्या खोलीत,
वाळ्याच्या कूलरसमोर
जीवशास्त्राच्या चार जाड पुस्तकांसोबत.
गेल्या वर्षी चारशे सत्त्याऐंशी आले.
थोडक्यात हुकलं, सगळे म्हणाले,
आणि त्या थोडक्यात
तीनशे पासष्ट दिवस मावले.

शेवंताकाकू कुरड्या उलटवता उलटवता
कुंपणावरून ओरडते, यंदा नीट दे वो बाई.
तिला परीक्षेचं नावच माहीत नाही,
ती आपलं नीट म्हणते, सावकाश, जपून,
दुधाचं पातेलं उतरवावं तसं.

तेजस्विनी उईके मागच्याच वर्षी लागली, यवतमाळला.
तिच्या डीपीवर पांढरा कोट आहे.
मी तिला हाय लिहिते, मग खोडते.

मला नापास व्हायची भीती नाही,
या परीक्षेत नापास असं काही नसतंच.
भीती आहे ती चारशे शहाऐंशीची.
एकच कमी.
म्हणजे वर्षभराच्या पहाटेच्या चारच्या गजराचं,
न गेलेल्या लग्नांचं,
आईने दाराबाहेर ठेवलेल्या दोनशे चहांचं
एकूण वजन: उणे एक.
आणि जुना आकडा यंदा चालत नाही.
नवा लागला की तो गेला,
कोणी विचारलं तरी दाखवता येत नाही
की एकदा मी एवढी भरले होते.

मागच्या रविवारी अभ्यासिकेत सराव पेपर झाला.
चारशे एक्कावन्न.
उत्तरपत्रिका मी ज्वारीच्या कोठीमागे सारली.
मंगळवारी ती तिथे नव्हती.
कोणी काही बोललं नाही,
पण आईने वरणात दोनदा मीठ घातलं.

रात्री गच्चीवर, लाइट गेलेली,
मी सहज विचारल्यासारखं विचारलं,
बाबा, कापसातलं कमी होते थे जाते कुठं?
बाबांनी हातपंख्याची दांडी पाठीवर घासली.
कुठं जाईन? पाणी होतं, उडालं.
सरकी तेवढीच. रुई तेवढीच.

मला वाटलं इथे ते थांबतील.
मीही तेवढ्यासाठीच विचारलं होतं.
पण बाबा वीस वर्षं काट्यापाशी उभे आहेत,
खोटं बोलायची सवय नाही.
पण पैसे काट्यावरचेच भेटते, ते म्हणाले,
आणि कूस बदलून झोपले.
मी बराच वेळ जागी होते.
का कोण जाणे, बरं वाटत होतं.

वर्ध्याला सेंटर. बेचाळीस डिग्री.
चमकी काढताना नाक सोलवटलं.
हॉल तिकिटावर मागच्या वर्षीचाच फोटो,
त्यातल्या मुलीला काही माहीत नाही.
गेटवर बॅग बाबांकडे दिली.
त्यांनी सवयीने हातावर तोलली,
म्हणाले, अडीच किलो,
मग स्वतःच लाजले.

आत मशीनने माझा अंगठा घेतला नाही.
घाम, बाई म्हणाल्या. पुसा.
मी कुर्त्याला पुसला.
मागे रांग ताटकळत होती,
पुढे खोली क्रमांक नऊ.
पुन्हा लावा, बाई म्हणाल्या,
अगदी साध्या आवाजात,
दिवसभर हेच सांगत असल्यासारख्या,
पुन्हा लावा.